दर पानावर एक बिघडलेलं रीडिंग

मी आज जो काही आहे तो निवृत्तीमामांमुळे आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायला गेलो तर मधल्या भानगडी ऐकून कुणाला ते खरं वाटणार नाही. निवृत्तीमामा आमच्या तालुक्याच्या गावी कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. शिक्षण चौथी. खाकी शर्टाच्या खिशात चिमटा, कानावर विडी, आणि काचेच्या पेटीतल्या तराजूंवर त्यांचं असं लक्ष की प्रोफेसरसुद्धा त्यांना विचारून पेटीचं दार उघडायचे. माझे वडील मार्केट यार्डात हमाल. आमच्या घरात पदवी ही वस्तू माझ्याआधी कुणी पाहिलेली नव्हती. त्यामुळे बी.एस्सी.ला नाव घातलं तेव्हा मला फक्त पास होण्याची घाई होती. काही शिकायचं असतं हे डोक्यातही नव्हतं.

प्रॅक्टिकलला पितळेचा एक ठोकळा असायचा. त्याचं दहा वेळा वजन करायचं, दहा रीडिंग लिहायची आणि सरासरी काढायची. ठोकळा पिढ्यान्‌पिढ्या तोच, त्यामुळे त्याचं खरं वजन कुणीतरी टेबलाच्या खालच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवलं होतं. आम्ही बूट बांधायच्या निमित्ताने वाकायचो, उत्तर वाचायचो आणि उत्तरावरून उलटी रीडिंग काढायचो. त्यातही कला होती. एकच आकडा लागोपाठ येऊ द्यायचा नाही, सरांना संशय येतो. आणि दर पानावर एक रीडिंग मुद्दाम बिघडवायचं, म्हणजे बाकीची नऊ खरी वाटतात. हा शेवटचा शोध माझा. त्यावर वर्गातल्या दहा-बारा जणांची जर्नलं पास झाली, आणि मला बदल्यात कॅन्टीनचे वडे मिळत.

एका सोमवारी मामांनी ठोकळ्याच्या बुडाला लाखेचा एक थेंब चिकटवला. कुणाला न सांगता. वर्गातल्या सगळ्यांनी टेबलाखालचं जुनं वजन लिहिलं. मामांनी सरांना काही सांगितलं नाही. फक्त मला बाजूला घेतलं, माझं जर्नल उघडलं आणि म्हणाले, "बाकीच्यांनी नुसती चोरी केली रे. तू तर नक्षी काढलीस." त्यानंतर वर्षभर दर रविवारी त्यांनी मला बंद प्रयोगशाळेत बसवून वजनं करायला लावली. तुळशीचं पान. नखाचा तुकडा. ओढायच्या आधीची विडी आणि ओढल्यानंतरचं थोटूक. वजन करताना बोलायचं नाही, आणि मधे उठलो तर पहिल्यापासून, हे दोनच नियम. मला पहिला वर्ग मिळाला. परदेशच्या नोकरीसाठी विभागप्रमुखांचं शिफारसपत्र हवं होतं, आणि ते "उद्या बघू" म्हणत महिना घालवत होते, तेव्हा मामांनी त्यांचा चष्मा तराजूच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि सही झाल्यावरच किल्ली शोधून काढली.

नोकरी अशी होती की गावात ती सांगताना मी "स्पोर्ट्स क्लब" एवढंच म्हणायचो. शारजाबाहेर वाळवंटात एक नेमबाजीचा क्लब होता, आणि त्यांना केमिकल बॅलन्सवर हात बसलेला सायन्स ग्रॅज्युएट हवा होता. मुंबईतल्या मुलाखतीत त्यांनी मला चिमूटभर मीठ मोजायला लावलं. मी श्वास रोखून मोजलं. पंधरा दिवसांत व्हिसा आला.

राहायची सोय शारजातच, रोल्ला भागात झाली, सुधीरदादा आणि वहिनींच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. दादा पुण्याचे, अल क्वोजच्या एका गोदामात अकाउंट्स बघायचे. नात्यातले कुणी नाहीत, पण वहिनींनी दुसऱ्याच दिवशी मला "भाऊजी" करून टाकलं, म्हणजे मग कामं सांगता येतात. खाली इस्त्रीवाला, त्याच्या शेजारी मल्याळी चहावाला, त्याच्यापलीकडे सोन्याची दुकानं; सकाळी अजान, मग वहिनींच्या मिक्सरचा आवाज, मग दादांचं "अगं, पार्किंगच्या पैशांचा मेसेज केलास का?" वहिनी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन आधी दिरहॅममध्ये हळहळायच्या, मग रुपयांत हिशोब करून परत एकदा हळहळायच्या. त्यांची मुलगी रिया अकरा वर्षांची, तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच. शुक्रवारी सुट्टी असायची, तेव्हाची गोष्ट; आता इथे शनिवार-रविवार झालाय, पण माझ्या पोटाला अजून शुक्रवारी सकाळीच पोह्यांची आठवण होते.

क्लबात माझे वरिष्ठ म्हणजे रहमतसाहेब, पलीकडच्या फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. मेंदी लावलेली दाढी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कहाँ के हो?" मी सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा. तो दुश्मन मुल्क के हो. चाय पियोगे?" तेव्हापासून आमचं जमलं. क्लबच्या पिस्तुलांसाठी, क्लबच्याच आवारात, पोलिसांच्या परवान्याने सरावाची काडतुसं हाताने भरली जायची. कारखान्याचं काडतूस हाताला जोरात हिसका देतं. शिकणाऱ्यांना मऊ हवं असतं. काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टिकली, आत बारूद आणि तोंडावर गोळी. एकदा उडालेल्या पुंगळ्या गोळा करायच्या, घासायच्या आणि पुन्हा भरायच्या. घासायला तिथे भुकटीचं यंत्र होतं, पण ते बंद पडलं तेव्हा मी वहिनींकडून चिंच नेली. घरातली समई लखलखते तर पुंगळी का नाही? रहमतसाहेबांनी बादलीत हात घालून एक पुंगळी उजेडात धरली, मग बोट चाटून पाहिलं आणि म्हणाले की फौजेत पस्तीस वर्षं फुकट गेली.

खरी मेख पुढे होती. क्लबची पिस्तुलं सेमी-ऑटोमॅटिक. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवं काडतूस आत घेतो. बारूद कमी पडला तर धक्का कमी, मग तो भाग अर्ध्यातूनच परततो आणि बाहेर पडणारी पुंगळी दारात सापडलेल्या बोटासारखी उभी अडकते. तिला रहमतसाहेब "चिमनी" म्हणायचे. रिव्हॉल्वरचं असं नसतं. "रिव्हॉल्वर खच्चर है, जो दो खा लेता है," ते समजावायचे. "ये शहज़ादी है. नमक कम हुआ तो थाली वापस." पण चिमनीला ते घाबरत नसत. बारूद भरायचाच राहून गेलेल्या एखाद्या काडतुसाला घाबरायचे. त्यातली टिकली गोळीला फक्त नळीत ढकलते आणि गोळी तिथेच अडकते. मागून दुसरी झाडली तर नळी हातात फुटते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "जो धमाका करे उससे मत डर. जो फुस्स करे, उससे डर."

म्हणून नियम कडक. बारूद मापून ओतायचं एक दांड्याचं यंत्र होतं. दर दहावं माप छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवायचं आणि कागदावर वजन लिहायचं. पन्नास पुंगळ्यांची पाटी भरताना उठायचं नाही. उठलास तर सगळी रिकामी करून पहिल्यापासून. मला मामा आठवले. मी दोन आठवडे देवपूजेसारखं काम केलं. पण यंत्र इतकं चांगलं होतं की दर वेळी वजन तेच यायचं. तेच, तेच, तेच. आणि माझ्यासारख्या माणसाला उत्तर आधी माहीत असणं फार वाईट. तिसऱ्या आठवड्यात एके दुपारी मी काट्याकडे न बघता एक रीडिंग लिहिलं. आभाळ कोसळलं नाही. मग दहा लिहिली. मग चहा पिता पिता अख्खं पान लिहायला लागलो. एकच आकडा लागोपाठ नाही. दर पानावर एक बिघडलेलं. बोटांना सगळं आठवत होतं.

मला वाईट वाटत होतं का? प्रामाणिकपणे सांगतो, मजा वाटत होती. वाचलेल्या वेळात मी चिंचेचं पाणी बदलायचो, रहमतसाहेबांना वहिनींच्या डब्यातली पुरणपोळी खिलवायचो आणि त्यांच्याकडून फौजेतल्या गप्पा ऐकायचो. एकदा पाटी अर्धी भरून झाली होती आणि खिशात फोन वाजला. फोन टेबलाजवळ न्यायला बंदी होती, म्हणजे तीही मोडलीच होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, येताना कढीपत्ता आणा, आणि तो मागच्यासारखा वाळलेला नको." मी बाहेर जाऊन मागच्या कढीपत्त्याचा बचाव करून आलो. परत बसलो तर कळेना, बाविसावी भरली होती की तेविसावी. सगळी रिकामी करायची म्हणजे अर्धा तास. मी तेविसावी भरली असं ठरवलं आणि चोविसावीपासून सुरू केलं. पाटीवर टॉर्च मारून आत बघायचं असतं. मारली, पण नजर घड्याळावर होती.

त्याच आठवड्यात रहमतसाहेबांनी माझं एक पान भिंतीवर लावलं. नव्या मुलांनी कागद कसा ठेवायचा याचा नमुना म्हणून. त्यांनी स्वतः चार कोपऱ्यांना चार टाचण्या मारल्या आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. मी नम्रपणे मान खाली घातली होती. ती लाज होती असं आज लिहायला मला आवडलं असतं.

क्लबात हेस्सा नावाची एक इमिराती मुलगी यायची, वीस-एकवीसची. हिंदी ती मालिका बघून शिकली होती, त्यामुळे साधी पाण्याची बाटली मागतानासुद्धा कुणाचं तरी लग्न मोडल्यासारखं बोलायची. नेमबाजीत मात्र पक्की. शुक्रवारी निवड चाचणी होती आणि ती महिनाभर आमच्याच मऊ काडतुसांवर सराव करत होती. चाचणीच्या आधीच्या मंगळवारी तिच्या पिस्तुलात चिमन्या उभ्या राहायला लागल्या. पाचात एक. मग चारात एक. रहमतसाहेबांनी पिस्तूल उघडलं, पुसलं, तेल दिलं. पुन्हा चिमनी. मग ते आत आले, माझी पानं काढली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचली. मी शेजारी उभा होतो. सगळी वजनं सुंदर होती. कागद ठीक म्हणजे काडतूस ठीक, काडतूस ठीक म्हणजे पिस्तूल ठीक, मग उरलं काय? ते बाहेर जाऊन तिला म्हणाले, "बीबी, आपकी कलाई ढीली है."

मनगट सैल धरलं तरी धक्का वाया जातो, हे खरंच आहे. हेस्साने ते मानलं नाही, पण वयाचा मान राखून ऐकलं. संध्याकाळी ती रबराचा निळा चेंडू घेऊन आली आणि बोलताना, गाडी चालवताना, खजूर खातानासुद्धा तो दाबत बसली. बुधवारी मनगटाला पट्टी. चिमन्या तशाच. शेवटी तिने दुसरा मार्ग काढला: पिस्तूल अडलं की खालून थाप, वरचा भाग झटक्यात मागे, आणि लगेच पुढची गोळी. संध्याकाळपर्यंत ती यात इतकी पटाईत झाली की बाकीचे सराव थांबवून बघायला लागले. डोळा लवायच्या आत. रहमतसाहेब मात्र बघत नव्हते. ते भिंतीवरच्या माझ्या पानासमोर उभे होते, हात मागे बांधून, बराच वेळ.

गुरुवारी मी पाचशेची नवी खेप भरली आणि पन्नास रीडिंगचं नवं पान लिहिलं. रहमतसाहेबांनी त्यावर सही केली, नेहमीपेक्षा थोडी सावकाश. मी ती खेप मागच्या डब्यांशेजारी ठेवली आणि सुट्टी म्हणून शीळ घालत घरी आलो.

शुक्रवारी सकाळी पोहे झाले होते. दादा लुंगीवर पेपर वाचत होते. रियाला शाळेत मेथीचे दाणे पेरून दहा दिवस रोज उंची मोजायचा प्रकल्प होता, आणि ती पहिले दोन दिवस मोजून विसरली होती. तक्ता रविवारी द्यायचा होता. तिचं तोंड बघून मला माझं जर्नल आठवलं आणि मी मोठ्या उत्साहाने खुर्ची ओढली. तिला सांगितलं, लिही: तिसऱ्या दिवशी इतकं, चौथ्या दिवशी इतकं, सारखं वाढवायचं नाही, सहाव्या दिवशी जरा कमी दाखव, म्हणजे टीचरना खरं वाटेल. दहा दिवसांची मेथी दहा मिनिटांत वाढली. तक्ता देखणा दिसत होता. रियाने तो पाहिला, मग उठून गॅलरीतून प्लास्टिकची वाटी आणून माझ्या पोह्यांच्या बशीशेजारी ठेवली.

"बट काका, इट्स डेड," ती म्हणाली.

वाटीत वाळलेली माती आणि चार पिवळ्या काड्या होत्या. वहिनी आतून म्हणाल्या, "गेली होय? मी रोज पाणी घालतेय समजून तू बसलीस, तू घालतेयस समजून मी." दादा हसले. मीही हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मला पाटी दिसली. बाविसावी की तेविसावी. त्या पाटीतली काडतुसं कुठल्या डब्यात गेली ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचा कागद मीच लिहिलेला होता. चिमन्या मनगटामुळे नव्हत्या, बारूद कमी पडत होता, यंत्राचा स्क्रू केव्हाच ढिला झाला असणार. आणि त्या चिमन्यांनी दोन दिवसांत हेस्साला काय शिकवलं होतं? अडलं की थाप, झटका आणि लगेच पुढची गोळी. ज्या दिवशी ते एक रिकामं काडतूस फुस्स करून नळीत गोळी अडकवेल, त्या दिवशी ती थांबणार नव्हती. डोळा लवायच्या आत तिचा हात जाणार होता.

क्लबात फोन लावला. चाचणीच्या वेळी ऑफिस बंद. दादांना म्हटलं, गाडी काढा. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी लुंगीवरच पॅन्ट चढवली. वहिनींना नीट काही कळलं नव्हतं, पण माणूस घराबाहेर निघाला की त्यांचा हात डब्याकडे जातो. लिफ्टचं दार बंद होताना पोह्यांचा डबा माझ्या हातात आला. दादांना आयुष्यात कधी दंड झालेला नव्हता, आणि त्या दिवशीही तो होऊ नये याची त्यांनी पूर्ण काळजी घेतली. वाळवंटातल्या मोकळ्या रस्त्यावर आम्हाला पाण्याचा टँकर मागे टाकून गेला. मी म्हटलं, "दादा, यल्ला, चला की लवकर." ते म्हणाले, "कॅमेरा आहे पुढे."

मी पोचलो तेव्हा नेमबाज ओळीत उभे होते आणि हेस्साने पहिल्या फेरीच्या दोन गोळ्या झाडल्या होत्या. क्लबचा एक रिवाज होता: धोका दिसला तर झाडूवाल्यानेसुद्धा हात वर करून "स्टॉप" ओरडायचं, आणि मग शेखसाहेब असले तरी पिस्तूल खाली ठेवायचं. कारण नसताना ओरडला त्याची मात्र खैर नाही. मी घरच्या लेंग्यावर होतो, पायात वहिनींच्या बाथरूमच्या स्लिपर, हातात पोह्यांचा डबा. तो वर करून मी ओरडलो. सगळी ओळ थांबली. परीक्षक वळले. रहमतसाहेब माझ्याकडे चालत आले, आणि मी जे बोललो ते धड मराठीत: "रीडिंग खोटी आहेत. सगळी. मी मोजलंच नाही."

त्यांना मराठी येत नव्हतं. पण त्यांनी मान हलवली, मला हेस्साच्या टेबलाशी नेलं आणि तिच्या काडतुसांचा डबा दाखवला. तो कारखान्याचा होता. त्याच सकाळी त्यांच्या हाताने सील तोडलेला. आमच्या खेपा बुधवार संध्याकाळपासूनच कुलपात होत्या. गुरुवारी मी ज्यांच्याशेजारी नवी खेप ठेवली ते डबे रिकामे होते. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून बटणाएवढा एक सेल काढून माझ्या तळहातावर ठेवला. इलेक्ट्रॉनिक काट्याचा सेल.

"ये बुध से मेरी जेब में है," ते हळू म्हणाले. "जुमेरात को तूने पचास रीडिंग लिखीं. काटा किस पर चलाया बेटा, दुआ पर?"

 नंतर त्यांनी सांगितलं की इतका सुंदर कागद त्यांनी फौजेत एकदाच पाहिला होता आणि त्या कारकुनाचं कोर्ट मार्शल झालं होतं. आणि हेही सांगितलं, की आज दुपारपर्यंत मी आपल्या पायाने आलो नसतो तर उद्याच्या विमानाचं माझं तिकीट ते स्वतः काढणार होते. ही नोकरी लागली तेव्हा माझ्या वडिलांनी यार्डात पेढे वाटले होते. ते पेढे मला तिथे उभ्या उभ्या आठवले, एकेक.

हेस्साची फेरी मी थांबवली, तीही विनाकारण. तिची लय गेली ती गेलीच, आणि ती राखीव म्हणून निवडली गेली. रहमतसाहेबांनी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, कलाईबद्दल. तिने ती मोठ्या मनाने स्वीकारली, मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं आता मालिकेतलं काहीतरी येणार. तिने निळा चेंडू माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "अब तुम दबाओ." पुढचा महिनाभर ती क्लबात आली की मला तो तिच्यादेखत शंभर वेळा दाबावा लागायचा, आणि ती अरबीत मोजायची, मधेच विसरल्यासारखं करून पहिल्यापासून. शिवाय पुरणपोळीचा वाटा तिलाही सुरू झाला. वहिनींनी विचारलं, ही कोण नवी? मी म्हटलं, जिचा हात वाचला ती. त्यांनी तूप वाढवलं.

हेस्साच्या वाट्याला यायची होती ती खेप चारशे बारा काडतुसांची. रहमतसाहेबांनी मला एक पोकळ प्लास्टिकचा हातोडा दिला. काडतूस त्यात अडकवून ठोकलं की गोळी आणि बारूद सुटे होतात. एकेक काडतूस उघडायचं, बारूद मोजायचा आणि खरं वजन शेजारच्या रकान्यात लिहायचं, माझ्या एकेका खोट्या रीडिंगसमोर दहा-दहा. सेल मीच काट्यात बसवला. आठवडाभर क्लबात दिवसभर ठक, ठक, ठक. नेमबाज जाता येता विचारायचे, सुताराला ठेवलंय का. आज मी रुवैसला, इथल्याच एका तेलाच्या प्लान्टमध्ये, मोजमापाच्या प्रयोगशाळेत आहे; प्लान्टमधला कुठलाही काटा माझ्या सहीशिवाय खरा धरत नाहीत. हाताखालची पोरं कागद आणतात तेव्हा मी आधी बघतो की दर पानावर एक बिघडलेलं रीडिंग आहे का. असलं की मी काही बोलत नाही. त्यांच्या काट्याचा सेल काढून खिशात घालतो. निळा चेंडू टेबलावर असतोच.

शेवटचं काडतूस उघडून झालं त्या दुपारी मी मामांना पत्र लिहिलं. त्याची मूळ प्रत मामांच्या नातीने परवा मला परत पाठवली. मामा गेल्यावर ते पत्र त्यांच्या खिशातल्या चिमट्याला घडी करून अडकवलेलं सापडलं. जसं आहे तसं देतो.

ती. निवृत्तीमामा यांस, दत्ताचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. जेवणाखाणाची आबाळ नाही. वहिनी घरच्यासारखं करतात. माझ्या घरी हे पत्र दाखवू नका, त्यांना मी वेगळं लिहिलं आहे, त्यात फक्त हवा कशी आहे ते आहे.

मामा, तुमची लाख मला इथेही लागली. इथे लाख नव्हती, एका म्हाताऱ्या सुभेदाराने काट्याचा सेल काढून ठेवला होता. तो तुमच्यासारखाच आहे, फक्त विडी ओढत नाही आणि शत्रू देशाचा आहे. मी पुन्हा नक्षी काढली, आणि यावेळी ठोकळ्याचं वजन नव्हतं, एका मुलीचा हात होता. तिला काही झालं नाही. मला काढून टाकलं नाही. या दोन्हीत माझी हुशारी काहीच नाही.

सुभेदारांनी विचारलं, तुला वजन करायला कुणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं. ते म्हणाले, उस्ताद अच्छा था, शागिर्द निकम्मा. मी हे तुम्हाला कळवतो असं त्यांना वचन दिलं होतं, म्हणून लिहिलं.

सोबत एक कागद जोडला आहे. डावीकडचा रकाना माझा आहे, उजवीकडचा खरा. डावीकडे बघाल तर एकही आकडा लागोपाठ सारखा नाही, तुम्हाला ती पद्धत माहीत आहेच. उजवीकडे बहुतेक वजनं कमी आहेत, आणि खालून तिसऱ्या ओळीत एक शून्य आहे. ते काडतूस मी ठोकलं तेव्हा गोळी पडली आणि मागून काहीच पडलं नाही. मी पुंगळी उलटी करून झटकली. मग बारुदाची रिकामी वाटी चिमट्याने धरून काट्यावर ठेवली. बोललो नाही, मधे उठलो नाही.

चार वेळा केलं मामा, आणि चारही वेळा रीडिंग तेच आलं.

आपला,
दत्ता